ऑइलचा लाल दिवा

तो लाल दिवा माझ्या डोळ्यांसमोर एकदाही पेटला नाही, याचाच मला जास्त राग होता. गिऱ्हाईक नायगावला टॉवरमध्ये राहणारे, सज्जन गृहस्थ. खड्ड्यात चाक गेलं की त्यांच्या गाडीत ऑइल प्रेशरचा दिवा लागायचा, थोडं पुढे गेलं की विझायचा. आचोळ्याला आमच्या गॅरेजवर आणली की गाडी शहाण्यासारखी गप्प. गॅरेज आम्ही दोघं भाऊ चालवायचो. ऑइल बदललं, गेज लावून प्रेशर मोजलं, ते ठणठणीत. मग मी धाकट्याला नवा सेन्सर बसवायला सांगितलं.

चौथ्या दिवशी गिऱ्हाईक परत. "दिवा पुन्हा लागला हो. हायवेला इंजिन जाम झालं म्हणजे?"

"दादा, सेन्सर बरोबर आहे," धाकटा म्हणाला. "वायर चेक करूया ना. पहिल्या दिवशीच बोललो होतो तुला."

गिऱ्हाइकासमोर बोलला. मला तेवढं पुरलं. हातातला पाना मी भिरकावला. तो त्याच्या कानाजवळून गेला आणि मागच्या गाडीची काच फुटली. तो "अरे" म्हणेपर्यंत मी त्याची कॉलर धरून त्याला बॉनेटवर आपटलं होतं. "डुप्लिकेट माल बसवतोस आणि वर मला शिकवतोस?" एक, दोन, तीन थोबाडीत. ओठ फाटला. खाली पडला तर बरगडीत लाथ घातली. खोटं कशाला सांगू, बरं वाटत होतं मला. तीस वर्षांचा बाप्या, दोन मुलांचा बाप, पण त्याने हात उचलला नाही. नुसतं डोकं झाकून घेतलं, सवयीने. "अहो, मरेल तो!" म्हणत गिऱ्हाईक मध्ये पडले. त्यांनाही ढकललं. शेवटी शेजारच्या पंक्चरवाल्याने मागून मिठी मारून आवळलं, तेव्हा थांबलो.

धाकटा उठला. रक्त थुंकला. त्याने गाडी चालू केली आणि गिऱ्हाइकांना दिव्यावर नजर ठेवायला सांगितलं. मग वाकून सेन्सरपासून वायर बोटांनी हलवत हलवत पुढच्या जाळीपर्यंत आला.

"लागला!" गिऱ्हाईक ओरडले. त्याने बोट काढलं, दिवा विझला.

मी वाकून पाहिलं. दसऱ्याला प्रत्येक गिऱ्हाइकाच्या गाडीला झेंडूचा हार घालायची आमच्या गॅरेजची रीत. हार मीच घालतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. उडून जाऊ नये म्हणून लोखंडी तार जाळीतून आत घेऊन, हाताला लागेल त्याला पीळ मारतो. फुलं सुकून गेली, तार तशीच राहिली. तिने सेन्सरच्या वायरचं प्लास्टिक कापून तांबं उघडं पाडलं होतं. हादरा बसला की ते बॉडीला टेकायचं आणि दिवा पेटायचा.

धाकट्याने पक्कडीने तार कापली, वायरला टेप गुंडाळली, नळावर तोंड धुतलं आणि स्वतःची हत्यारं पिशवीत भरायला लागला.

"चुकलो रे," मी म्हणालो. जन्मात पहिल्यांदा म्हणालो. "तुझी काही चूक नव्हती."

त्याने पिशवी खांद्याला लावली.

"कधीच नव्हती, दादा. या खेपेला सापडलं, एवढंच."