बोलू नका, आलेख बिघडेल

ताईच्या पोटावर इलेक्ट्रोड लावायला मला चांगली जागा सापडेना. बेंबीच्या वर, जिथे जठर येतं, नेमके तिथेच डाग होते. तापवलेल्या विळ्याचं टोक टेकवून दिलेले. डागाची कातडी जाड होते, तिच्यातून पोटाची बारीकशी वीज नीट वर येत नाही. दोन डागांमधली कोवळी जागा बघून मी कातडी घासून साफ करायचं खरखरीत मलम चोळलं आणि मनात ठरवलं, जिने हे करवलं तिला याच पलंगावर आडवी पाडीन.

ती ताईची सासू. लग्नानंतर ताईला दोन घास खाल्ले की गच्च व्हायचं, मग ओकारी. सासू म्हणायची, काम नको म्हणून सोंग करते. आधी भगताकडून डाग देववले. तरी ओकणं थांबेना, तेव्हा ताईला तलासरीला आमच्या पाड्यावर आणून सोडलं आणि तिची लहान मुलगी मात्र ठेवून घेतली. "आईजवळ राहून पोर सोंगच शिकेल," म्हणाली. दाजी शेजारीच उभे होते. त्या घरात सासूशिवाय कुणी बोलत नाही.

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. आश्रमशाळेतल्या बाईंनी हट्टाने मला विज्ञानाला घातलं, आणि ताई घोलवडच्या वाड्यांमध्ये चिकू तोडायला जात राहिली म्हणून मी शिकू शकले. दोघींचे उपकार माझ्यावर आहेत. आज मी डहाणूच्या एका दवाखान्यात तंत्रज्ञ आहे. हृदयाचा काढतात तसा पोटाचाही आलेख निघतो, हे मला इथेच कळलं. निरोगी जठराच्या मिनिटाला साधारण तीन लाटा येतात. आधी उपाशीपोटी बघायचं, मग ठरलेलं खाणं देऊन पुन्हा. माणसाने तेवढा वेळ हलायचं नाही आणि बोलायचं नाही, नाहीतर सगळा आलेख बिघडतो.

ताईच्या लाटा घाईघाईने एकमेकींवर चढत होत्या, मधेच विरून जात होत्या. खाल्ल्यावर त्या उंच व्हायला हव्यात, तिच्या आणखी खचल्या. टोस्ट अर्धाच संपला. डॉक्टरांनी बाकीच्या तपासण्याही बघितल्या आणि म्हणाले, "जठराची लय बिघडलीय. आजार खरा आहे. औषधं घ्यायची, वेळ लागेल."

ताईने आलेखाचा कागद माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "हे तिकडे दाखव. आणि माझी पोर आण."

मी गेले. सासू अंगणात तांदूळ पाखडत होती. तिने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बहीणच मशीनवर बसलेली. माझ्या पोटाला लाव, मलापण आजार काढून देशील."

"लावू या की, मावशी. पण रात्रीपासून उपाशी राहावं लागेल."

"उपास तू मला शिकवतेस होय?"

मशीन नवीन होतं, ताडून बघायला निरोगी माणसांचे आलेख डॉक्टरांना हवेच होते. त्यांनी तिला सगळं समजावून सांगितलं, ती हो म्हणाली. ठरल्या दिवशी सकाळी दाजी तिला मोटरसायकलवरून घेऊन आले. ती पलंगावर ऐटीत आडवी झाली. पोट गुळगुळीत, एक ओरखडा नाही. मी मलम चोळलं. ताईला चोळलं होतं त्याहून जास्तच चोळलं.

"अगं, सोलतेस का काय?"

"आता बोलू नका मावशी. आलेख बिघडेल. मग परत उपास, परत सगळं."

ती गप्प झाली. बाहेर बसवून ठेवलेल्या ताईला मी दारातून आत बोलावलं आणि पलंगाशी खुर्ची दिली. दाजींनाही आत घेतलं. डॉक्टरांनी फक्त पेशंटला गप्प ठेवायला सांगितलं होतं.

ताई हळू आवाजात बोलली. डाग देताना तिचे पाय कुणी धरले होते ते. ओकून आल्यावर लगेच जात्यावर कसं बसवलं ते. पोर "आई" म्हणून रडली की तिला माजघरात कोंडायचे ते. सासूचे ओठ हलले, हात वर आला. पडद्यावर रेघ वेडीवाकडी उडाली.

"हलू नका."

हात खाली गेला. तिला हे मुकाट ऐकावं लागतंय याचं मला गोड वाटत होतं, आणि त्याची मला लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

मधे खाण्याच्या वेळी सासूने अंडं, टोस्ट सगळं चाटूनपुसून खाल्लं आणि तोंड पुसून बोलायला लागली, तेवढ्यात मी तिला पुन्हा आडवी केली. ताई शेवटी म्हणाली, "माझी पोर मला द्या." सासूने मुलाकडे डोळे वटारले. एरवी तेवढं पुरायचं. पण त्या डोळ्यांमागून शब्द आला नाही, आणि दाजी खिशातून मोटरसायकलची किल्ली काढत म्हणाले, "आत्ताच आणतो. आईला बसने पाठव."

ते गेले. बाहेर मोटरसायकल सुरू झाल्याचं सासूने पडल्यापडल्या ऐकलं. लागणारा आलेख केव्हाच मिळाला होता. मोटरसायकलचा आवाज पार विरेपर्यंत मी मशीन चालू ठेवलं.

तिच्या लाटा सुरेख होत्या, एकसारख्या. इतकं निरोगी पोट बघून मला राग आला. इलेक्ट्रोडच्या चिकटपट्ट्या पाणी लावून सावकाश काढायच्या असतात. मी झटक्यात ओढल्या.

"आता बोला, मावशी," मी म्हटलं.