मिक्सरमधलं भरीत

नशिराबादचा पितांबर एसटीत ड्रायव्हर. बायको दिपमाला दोन वर्षांपूर्वी काविळीने गेली, तेव्हापासून घरही तो गाडीसारखं वेळेवर चालवायचा. लेक वृषालीचा डबा सहाला तयार, युनिफॉर्मला इस्त्री, सायकलच्या चेनला तेल. नाव ठेवायला जागा नाही हो! दिपमालाचा फोटो तेवढा त्याने कपाटात ठेवून दिला. घरात तिचा विषयच काढायचा नाही, पोरीला त्रास नको, असं त्याने एकट्यानेच ठरवून टाकलं.

पोरगी मात्र दिवसेंदिवस मुकी होत चालली. 'हो', 'नाही', 'ठेवा तिथे'. दहावी झाली की धुळ्याला मावशीकडे राहायला जाईन म्हणाली, तेही पुस्तकातून मान वर न करता. घरात माणसं दोन, आणि बोलायला एक नाही.

एका रविवारी त्याने भरिताचा घाट घातला. तिला आवडतं म्हणून. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर अंगणात वांगी भाजली, कांद्याची पात चिरली. आणि मग या शहाण्याने काय करावं? वांगी मिक्सरला लावली! अरे, खान्देशातच जन्मलास ना तू? पण भरीत ठेचायचं लाकडी भांडं त्याने माळ्यावर टाकलं होतं. त्याचा आवाज आला की दिपमालाच आठवायची.

वृषालीने एक घास घेतला आणि ताट सरकवलं.

"पप्पा, ही चटणी आहे."

"अगं, खाऊन तर बघ."

"आईचं काहीच नको तुम्हाला. फोटो नको, भांडं नको. तुम्हाला काही वाटतच नाही!"

पितांबर उठला. स्टूल लावून भांडं काढलं, धुतलं, उरलेली दोन वांगी टाकून ठेचायला बसला. भांडं सारखं सरकत होतं, बिया उडून शर्ट भरला. चौथ्या दणक्याला त्याचा बांध फुटला.

"मला नाही जमत गं, वृषू. ती गेल्यापासून काहीच जमत नाही. नुसतं जमल्यासारखं करतो."

बापाला रडताना तिने कधी पाहिलं नव्हतं. ती समोर येऊन बसली आणि दोन्ही हातांनी भांडं घट्ट धरलं.

"आई आधी मिरची ठेचायची," ती म्हणाली.

"मग?"

मग ती बराच वेळ सांगत राहिली.

जूनमध्ये ती धुळ्याला गेलीच. घर पुन्हा सुनं झालं. ती निघताना पितांबरने ते भांडं तिच्या पिशवीत ठेवलं, तर तिने काढून ओट्यावर ठेवलं.

"इथेच राहू द्या, पप्पा. सुट्टीत येईन तेव्हा काय मिक्सरमधलं खाऊ?"