मोबाईलमधल्या बागेची गोडी छाटणी

“ताई, बाग मोडायला निघालेत. आपली बाग, सगळीच्या सगळी. तुम्ही कुठं हायेत? ऐकू येतंय ना?”

वहिनींचा आवाज मुळातच असा की पिंपळगाव बसवंतला त्यांनी बांधावरून मजुरांना हाक मारली तर हायवेवरचे टेम्पो बाजूला घेऊन थांबत. त्यात माझा फोन स्पीकरवर. आणि मी नाशिकरोडला डोळ्यांच्या दवाखान्यात, दोन्ही डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून बाकावर बसलेली. समोर उभी आहे ती नर्स की पाण्याचा जार, एवढंही कळत नव्हतं. स्पीकर बंद करायचं बटण कुठून सापडणार?

“कोण मोडतंय बाग?” शेजारून एका पुरुषाचा आवाज आला. आवाजावरून साठीचा, आणि निफाडकडचा. “काकू, आधी तलाठ्याकडं जा. न्हाई तर सरळ स्टे आना. रस्त्यात चालली का?”

मी खरं सांगणार होते. पण डोळ्यांपुढे धुकं असलं की माणसाला काहीतरी करमणूक लागते. मी म्हटलं, “नोटीस आली आहे म्हणे. तेवढी वाचून द्याल का?” वहिनींनी नोटिशीचा फोटो पाठवला होता. त्या गृहस्थांनी माझा फोन घेतला, घसा साफ केला आणि सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं वाचायला लागले. दोन ओळींनंतर आवाज मंदावला. “प्रिय शेतकरी मित्रांनो, एकवीस दिवसांनी हा खेळ कायमचा…” मग ते थांबले. फोन माझ्या हातात परत आला. बाक करकरला, म्हणजे ते जरा लांब सरकले असावेत.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, “छाटणीला किती दिवस झालं?”

“ब्याऐंशी.”

“मग पाणी उतरलं असंल मण्यात, गोडी धरायला लागली असंल,” ते म्हणाले. “वाईट झालं.”

आता नीट सांगते. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. तीस वर्षं पिंपळगावच्या बागेत राबल्या. तीन वर्षांपूर्वी मुलाने दोघांना कॅनडाला नेलं, नातवंड सांभाळायला, सहा महिन्यांसाठी. ते सहा महिने अजून संपायचे आहेत. बाग चुलत दिराकडे दिली. भाऊ तिकडे बर्फ लोटायला शिकला आणि सुखी झाला. वहिनी खिडकीत बसायला लागल्या. आई कंटाळते म्हणून भाच्याने त्यांच्या फोनवर शेतीचा खेळ घालून दिला.

खेळ सोपा आहे. जमिनीचा एक तुकडा मिळतो, त्यात काहीही लावा, चार तासांत तयार. तोडा, पुन्हा लावा. तयार माल दिवसभरात तोडला नाही तर वाळून जातो. शेजारच्या खेळाडूने येऊन पाणी मारलं, तर मात्र आणखी एक दिवस टिकतो. आपल्या शेताला आपण मारलेलं पाणी चालत नाही, शेजारीच लागतो.

वहिनींनी द्राक्षं लावली. चार तासांनी घड लागलेले बघून त्यांचा जो अपमान झाला, तो आमच्या घराण्यात कुणी सुनेचासुद्धा केला नव्हता. “चार तासांत द्राक्ष? गोडी कुठून यायची त्यात? रबराचे मणी असत्याल.” त्यांनी ठरवलं की ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली असं धरायचं आणि एकशेवीस दिवस भरल्याशिवाय एक घड तोडायचा नाही. एप्रिलची खरड छाटणी काडीसाठी, ऑक्टोबरची गोडी छाटणी फळासाठी, आणि तिथून पुढे दिवस मोजणं. पिंपळगावात लोक पोराचा वाढदिवस विसरतील, छाटणीचा दिवस विसरणार नाहीत.

म्हणजे जगभरातले अब्जावधी खेळाडू (मी मोजलेत) दिवसातून सहा वेळा पीक काढून श्रीमंत होत होते, आणि आमच्या वहिनी चार महिने तयार बाग उभी ठेवून साखर भरायची वाट बघत होत्या. त्यासाठी शेजारी म्हणून त्यांनी मला त्या खेळात ओढलं. रोज संध्याकाळी पाच वाजता, म्हणजे त्यांच्या पहाटे, मी जाऊन पाणी मारायचं. एक दिवस चुकला तर बाग गेली.

दोन वर्षं मी चुकले नाही. तापात पाणी मारलं, लग्नाच्या पंगतीत मारलं. एकदा तर वणीच्या घाटात रेंज यावी म्हणून बसच्या टपावर चढून मारलं. कंडक्टर शिडी धरून उभा होता आणि खालून बायका ओवाळत होत्या. यातलं निम्मं खरं आहे. दर फेब्रुवारीत एकशे विसाव्या दिवशी वहिनी तोडणी करायच्या, आणि पहिला घड वणीच्या देवीला. मोबाईलमधला घड देवीला कसा जाणार? म्हणून मी बाजारातून एक खरा घड घ्यायचा, वणीला जाऊन वाहायचा आणि त्यांना फोटो पाठवायचा. फोटो आला की मगच त्या बाकीचा माल खेळात विकायच्या.

पाणी मारायला दोन मिनिटं लागतात. मग तास-दीड तास फोन चालू असे. गल्लीत कुणाचं जमलं, कुणाचं मोडलं, पिंपळगावात पहाटे दव पडलं का, शेपूच्या भाजीला मूगडाळ घालायची की हरभऱ्याची. खेळाआधी आमचे फोन चाळीस सेकंदांचे होते. जेवलात का, जेवलो, थंडी आहे का, आहे, ठेवते. एकदा मी म्हटलं, चला, तुमची खरी बाग व्हिडिओवर दाखवते, जाऊन येते पिंपळगावला. त्या म्हणाल्या, “नको. दुसऱ्याच्या हातची छाटणी बघवत नाय मला.”

तर अशा बागेला नोटीस आली होती.

मी वीस वर्षं नाशिकरोडला कॉम्प्युटरचे क्लास घेतलेली बाई. तंत्रज्ञानाच्या बातम्या मी निधनवार्ता वाचाव्यात तशा वाचते, आज कोण गेलं ते बघायला. गाडी तुमची, पण सीट गरम करायला महिन्याची वर्गणी. वॉशिंग मशीनला म्हणे इंटरनेट लागतं. आमच्या आजीने पन्नास वर्षं गोदावरीत कपडे धुतले, गोदावरीने एकदाही अपडेट मागितला नाही. मी क्लासमध्ये पहिल्या दिवसापासून मुक्त सॉफ्टवेअर शिकवलं, आणि ते काय असतं हे विरजणावरून सांगितलं. शेजारणीकडून चमचाभर विरजण आणलं, दही लावलं. तिचं दही कमी झालं नाही, आणि उद्या मला कुणाला विरजण द्यायचं तर तिला विचारायला जावं लागत नाही. दही आंबट वाटलं तर माझं मी बदलते. बाकीच्या कंपन्या असं दही विकतात ज्याचं पुन्हा दही लागत नाही. पोरं हसायची आणि परीक्षेत विरजण लिहून यायची.

वहिनींनी हे भाषण शंभर वेळा ऐकलं होतं आणि शंभर वेळा “हं” म्हटलं होतं. नोटिशीच्या दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी स्वतःहून विचारलं.

“म्हणजे बाग आपली नाय?”

“बाग तुमची वहिनी, पण जमीन त्यांची.”

“मंग आपण वाट्यानं करत होतो?”

“वाट्यानं करणाऱ्याला निदान हंगाम संपेपर्यंत राहू देतात.”

त्यांनी मोठ्याने दिवस मोजले. मग म्हणाल्या, “एकशे तीन दिवस व्हतील तेव्हा. सतरा दिवस कमी पडत्यात. तुम्ही सांगा ना त्यांना, तुम्ही शिकलेल्या.”

मी लिहिलं. असं पत्र लिहिलं की वाचायला त्या कंपनीच्या चार माणसांना रजा टाकावी लागली असेल. सतरा दिवस द्या, नाही तर जाताना आतला कोड मोकळा करा, आमचं आम्ही चालवू. तीन मिनिटांत उत्तर आलं की तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. माणसाने एवढ्या लवकर वाचलं नसणार.

भाच्याला फोन केला. तो तिकडे सॉफ्टवेअरमध्येच आहे.

“आत्या, सर्व्हर चालवायला खर्च येतो. कंपनी म्हणजे काय धर्मशाळा आहे?”

“मग चावी देऊन जा म्हणावं. भाडेकरूसुद्धा जाताना चावी देतो.”

“सुरुवातीला ओके दाबताना अटी वाचल्या नसतील तुम्ही.”

“तू वाचल्यास?”

“नाही.” मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, “आईला दुसरा खेळ घालून देतो. सारखेच असतात.”

“तिला पिंपळगावला पाठव,” मी म्हटलं. त्याला दुसरा फोन आला.

तेव्हा मी कामाला लागले. अशा बंद पडणाऱ्या खेळांसाठी जगात काही उद्योगी माणसं असतात. खेळ कंपनीच्या मशीनशी काय बोलतो ते कान लावून ऐकतात आणि तसंच बोलणारं दुसरं मशीन लिहून काढतात. लिहितात ते उघडं, ज्याला हवं त्याने न्यावं. आमच्या खेळाचंही कुणीतरी लिहून ठेवलेलं होतं. मी क्लासमधला शेवटचा कॉम्प्युटर माळ्यावरून काढला. त्याचं वय असं की तो सुरू केला की एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात एक वॅगन कोळसा जास्त टाकावा लागतो. अकरा दिवस मी त्याच्यापुढे बसले. पहिले नऊ दिवस तो नाहीच म्हणाला. दहाव्या दिवशी म्हणाला बघू. अकराव्या दिवशी माझ्या फोनवर तीच हिरवी जमीन उगवली, माझ्या घरातल्या मशीनवरून, कुणाच्या बापाची भीती नसलेली. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

जमीन मोकळी होती. वहिनींची बाग कंपनीच्या कुलपात होती आणि ती इकडे आणायला काही वाट नव्हती. हे त्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “नवीन लागवड म्हणा की मंग.”

“हो. पण आता कुणी मोडणार नाही.”

“बघू.”

त्यांना खूश करायचं म्हणून मी एक गोष्ट गुपचूप केली. कोड उघडाच होता. शोधत गेले तर पीक वाळायची ओळ सापडली. त्या एका ओळीपायी मी टपावर चढले होते. ती काढून टाकली. वीस वर्षं जे शिकवलं ते पहिल्यांदा स्वतःसाठी वापरलं, आणि मला इतका अभिमान वाटला की मी देवापुढे साखर ठेवली.

शेवटचा दिवस जानेवारीतला, छाटणीपासून एकशे तिसरा. खेळ बंद व्हायची वेळ आपल्या संध्याकाळी साडेपाचची. बाजारात पिंपळगावची खरी द्राक्षं यायला लागली होती. मी पाचला फोन लावला.

“वहिनी, तोडून टाका आता. रिकाम्या हाताने कशाला जायचं?”

“साखर भरली नाय अजून. कच्चा माल देवीला कसा पाठवू?”

“देवी समजून घेईल.”

“देवी घेईल. मला नाय जमायचं. तुम्ही पाणी मारा.”

“अर्ध्या तासात सगळं जाणार आहे. आता पाणी कशाला?”

“मारा तुम्ही.”

मी मारलं. ओळीने सगळ्या वेलींना मारलं, नेहमीपेक्षा हळू. त्या मागून सांगत होत्या, ती कोपऱ्यातली राहिली, ती बांधाकडची राहिली. मग आम्ही दोघी फोन धरून बागेकडे बघत बसलो. त्यांच्याकडे हीटरचा आवाज येत होता. साडेपाचला पडदा पांढरा झाला आणि त्यावर आभाराचे दोन शब्द आले.

मला शांतता सहन होत नाही, त्यामुळे मी सुरू झाले. म्हटलं, वहिनी, ती मेली कंपनी गेली खड्ड्यात. आपलं स्वतःचं मशीन आहे, आपली जमीन, सातबारा तुमच्या नावावर. हवी तेव्हा छाटा, हवी तेव्हा तोडा. आणि तुम्हाला माहीत नाही, मी त्यात काय केलंय. वाळायचंच बंद करून टाकलंय. एकशेवीस दिवस ठेवा, दोनशे ठेवा, मण्याला सुरकुती पडणार नाही. रोज पाणी मारायची कटकटच नाही आता.

पलीकडे हीटर बंद झाला असावा, काहीच ऐकू येत नव्हतं. मी विचारलं, “वहिनी, आहात ना?”

“हाय,” त्या म्हणाल्या. “मंग तुम्ही रोज कशाला याल?”