नावं ठेवण्याआधी चार भाग

आमच्या शनिवारच्या वाचन मंडळात पुस्तकं वाचून होतात कमी आणि किस्से साठतात जास्त. पुस्तक कपाटात परत जातं, किस्सा मात्र तिथेच मुक्काम ठोकतो आणि दर वेळी थोडा लठ्ठ होतो. झाशीत मराठी माणसं मोजकी, त्यात मराठी वाचणारी आणखी मोजकी. त्यामुळे एकच किस्सा आम्ही एकमेकांना चार-चारदा सांगतो आणि ऐकणाराही पहिल्यांदा ऐकल्यासारखा हसतो.

यंदाच्या थंडीतले किस्से मात्र सगळे एकाच कादंबरीचे आहेत. चार जाडजूड भागांची इंग्रजी प्रेमकथा. नायिका शाळकरी, नायक रक्त पिणारा व्हॅम्पायर आणि वाचक माझी मुलगी मुग्धा, वय वर्षं सतरा.

*

सुरुवात माझ्याच तोंडाने झाली.

मंडळ गुर्जर काकूंच्या घरी भरतं. काकू झाशीच्या जुन्या मराठी घराण्यातल्या, शाळेतून रिटायर्ड, वय शहात्तर. त्या शनिवारी मुग्धा क्लासवरून परस्पर तिथे आली आणि माझी वाट बघत दारातच पुस्तक वाचत उभी राहिली. मानिक चौकातल्या जुन्या पुस्तकवाल्याकडून चारही भाग तिने सुतळीने बांधून आणले होते.

काकूंनी कौतुकाने विचारलं, "काय वाचतेस गं?"

ती तोंड उघडायच्या आत मीच बोलले, "काही नाही हो, भिकार पुस्तक आहे. रक्तपिपासू पोरगा आणि बावळट पोरगी. असलं वाचून डोकं सडतं!"

मुग्धाने पुस्तक बॅगेत घातलं.

पूर्वी ती रोज संध्याकाळी ओट्यापाशी उभी राहून गोष्ट कुठवर आली ते सांगायची आणि मी पोळ्या लाटता लाटता 'हं, हं' करायची. त्या दिवसापासून ते बंद. मग हळूहळू बाकीचंही बंद. "जेवलीस?" "हाँ." "अभ्यास?" "हो गया." संपलं! जूनमध्ये ती कॉलेजसाठी बाहेरगावी जाणार. हातात जेमतेम पाच महिने आणि घरात हा मुका कारभार. ही अशीच न बोलता निघून जाईल, अशी मला खरंच भीती वाटायला लागली.

शेवटी एका शनिवारी मी काकूंपाशी रडगाणं गायलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तू वाचलंयस का ते?"

"नाही."

"मग? मंडळाचा नियम काय?"

नियम असा, की पूर्ण वाचल्याशिवाय पुस्तकाला नावं ठेवायची नाहीत. आणि तो नियम मीच केलेला!

"पूर्ण म्हणजे चारही भाग," काकू म्हणाल्या. "आम्हीही तुझ्याबरोबर वाचू. तुझ्या एकटीच्या मतावर माझा भरवसा नाही."

*

मंडळातले तिसरे मेंबर जोगळेकर काका. उभी नोकरी त्यांनी मशिनं तपासण्यात घालवली, त्यामुळे पुस्तकही ते तपासतात. हातात पेन्सिल, बाजूला वही आणि वहीवर शीर्षक, 'आढळलेले दोष'.

पहिल्या भागाचा त्यांचा रिपोर्ट असा: "दोष क्रमांक एक. नायक शंभरी ओलांडलेला आणि अजून शाळेत! एक तर याला पास करा, नाहीतर पटावरून नाव काढा!"

"काका, तो दिसायला सतराचाच आहे," मी म्हटलं.

"दोष क्रमांक दोन. नायिका तीनदा बेशुद्ध पडते. या मुलीचं हिमोग्लोबिन तपासायला हवं. आधीच रक्त कमी आणि लागली कोणाच्या नादी, तर याच्या!"

*

काकूंना बारीक टाईप वाचवत नाही, म्हणून कधी कधी मी त्यांना गोष्ट तोंडी सांगायची. एकदा त्या मटार सोलत होत्या, जोगळेकर काका शेजारी बसून ऐकत होते.

"मुलगा मेला तेव्हा कितीचा होता?"

"सतराचा. तेव्हापासून तेवढाच राहिलाय."

"लग्न झालं होतं?"

"नाही."

"मुंज?"

"काकू, अमेरिकेतला आहे तो!"

"असू दे. राहतो कुठे?"

"रानाजवळ. झाडाझाडांवरून फिरतो."

"आणि मुलीच्या मागे लागलाय?"

"हो."

काकूंनी मटारांची टोपली बाजूला सारली. "अगं, मग व्हॅम्पायर कसला डोंबलाचा! हा तर मुंजा!"

मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा पिंपळावर बसतो, हे आम्ही सगळ्यांनी लहानपणी ऐकलेलं. हिशेब बरोबर जुळत होता. जोगळेकर काकांनी तेवढी एक हरकत घेतली, "पण मुंजा रक्त पीत नाही, काकू."

"इथे नाही पीत. तिकडे पिंपळाखाली नैवेद्य ठेवणारं कोण आहे? उपाशी राहील का पोरगा?"

तेव्हापासून मंडळात नायकाला त्याच्या नावाने कोणी ओळखत नाही.

*

मी बिजौलीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. तिसरा भाग मी लंचमध्ये वाचायला काढला. काळं कव्हर आणि त्यावर लाल थेंब. समोर स्टोअरचे तिवारी जी डबा उघडून बसलेले. त्यांचा घास हातातच राहिला.

"मैडम, घर में सब ठीक तो है न? ये कोई तंत्र-मंत्र...?"

मी हसत त्यांना सगळी गोष्ट सांगितली. तिवारी जींनी कानाला हात लावले. "राम राम! आजकल के बच्चे क्या-क्या पढ़ते हैं!"

सोमवारी सकाळी ते माझ्या टेबलापाशी येऊन घुटमळायला लागले.

"मैडम, वो... मिसेज़ पूछ रही हैं, शादी हुई कि नहीं?"

"ते चौथ्या भागात आहे, तिवारी जी."

"तो चौथा ज़रा जल्दी निपटाइए न! हमने आधी कहानी घर पे क्या सुना दी, तब से दोनों टाइम हमसे ही पूछताछ हो रही है!"

*

आता माझं मत. मोठ्या माणसाने ही पुस्तकं मुद्दाम शोधून वाचावीत असं मी म्हणणार नाही. दहा-दहा पानं दोघं नुसते एकमेकांकडे बघतात. न विचारता मुलीच्या खिडकीशी येऊन उभा राहणारा मुलगा, मग तो कितीही देखणा असो, मला चालणार नाही. आणि प्रेमात पडलं की स्वतःचं असं काही करायचंच नसतं, ही त्या नायिकेची समजूत मला अजूनही पटलेली नाही.

पण चौथ्या भागात एक जागा आहे. नायिकेची आई विचारते, जेवलीस का? मुलगी म्हणते, हो. आणि पुढची तीन पानं, जे ती आईला सांगू शकत नाही ते. आपण बोललो तर आई हसेल, याची तिला धास्ती.

ती तीन पानं मी ओट्यापाशी उभी राहून दोनदा वाचली. एका 'हो'च्या मागे एवढं असतं, हे लिहिणारीला माहीत होतं आणि सतरा वर्षांची मुलगी घरात असून मला नव्हतं. मला लाज वाटली.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला, "आई! कुकर!"

किती शिट्ट्या झाल्या, देव जाणे. डाळ तळाला लागली होती. पण मला त्याचं काहीच वाटलं नाही. दोनच शब्द, त्यातलाही एक इंग्रजी, तरी आठवड्यातलं ते आमचं सर्वांत मोठं संभाषण होतं!

*

फेब्रुवारीत सगळ्यांचे चारही भाग संपले. काकूंनी स्वतः फोन करून मुग्धाला बोलावलं. "आम्ही सगळे बोलणार. पुस्तकाच्या बाजूनेही कोणीतरी हवं ना!"

मुग्धा आली. खुर्चीच्या अगदी टोकाशी बसली.

जोगळेकर काकांनी एकतीस दोष वाचून दाखवले. शेवटी वही मिटून म्हणाले, "एवढे दोष असूनही मी चारही भाग वाचले. हा बत्तिसावा दोष, पण तो माझा."

मग मी बोलले. न पटलेलंही सांगितलं आणि त्या तीन पानांचंही सांगितलं. मुग्धा जमिनीकडे बघत होती.

"आता तू बोल," काकू तिला म्हणाल्या. "पण मराठीत. इथे तशी अट आहे."

झाशीत वाढलेल्या आमच्या मुलांना मराठी सगळं समजतं, बोलायची वेळ आली की मात्र ती हिंदीत पळतात. मुग्धा उभी राहिली. मनातल्या मनात काहीतरी जुळवलं आणि एकेक शब्द तोलत म्हणाली, "मला सांगायचं आहे की... आईनी माझी पुस्तकं वाचण्याची खूप चेष्टा केली."

जोगळेकर काका चष्मा पुसायला लागले. चार माणसांत मी केलं होतं, चार माणसांत परत मिळालं.

"हो, केली," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर केली. न वाचता केली. चुकलं माझं, मुग्धा. मला माफ कर."

मुग्धा आ वासून माझ्याकडे बघतच राहिली.

"अरे, चुकलं क्यों? मैं तो तारीफ़ कर रही हूँ! चारों पार्ट पढ़े तूने! चेष्टा! मतलब कोशिश! कोशिश तो उर्दू है ना, तो मैंने शुद्ध वाला लगा दिया!"

जोगळेकर काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. काकूंनी पदराने डोळे पुसले. "अगं बाई, मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा! मज़ाक उड़ाना!" मग माझ्याकडे वळल्या, "आणि तू गं? पोरगी कौतुक करतेय आणि तू माफी मागून मोकळी! घे ती परत!"

"नको," मुग्धा म्हणाली. या वेळी तिने शब्द शोधले नाहीत. "परत नको घेऊस, आई. ती पण पाहिजे होती."