डबीतली नाळ

माझं काम नाळेचं. अंधेरीच्या आमच्या लॅबमध्ये बाळंतिणींची संमती घेऊन ताज्या नाळा येतात. त्यांतल्या पेशी आम्ही वाढवतो. या पेशी डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक पुड्या बाहेर सोडतात, त्या गोळा करतो. जखम भरायला मदत करणारा माल त्या पुड्यांत असतो. उंदरांना गुण येतो, माणसांना द्यायला अजून वेळ आहे.

हे सगळं भांडुपला घरी मी कधी नीट सांगितलंच नाही. बाबांच्या पायाच्या बोटाला शुगरमुळे जखम झाली होती, काही केल्या भरेना. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस बघू, नाहीतर बोट काढावं लागेल. बाबा रोज माझ्या मागे. "तुझ्या फ्रीजमधलं थेंबभर आण ना गं. कोणाला कळतंय?"

एकदा वैतागून म्हटलं, "बाबा, नाळेपासून केलेलं औषध आहे ते, कोकम सरबत नाही बाटलीत भरून आणायला!" आणि डबा उचलून कामाला निघाले. आई तिथेच भाजी निवडत होती.

चार दिवसांनी पट्टी बदलायला बसले, तर जखमेवर काळपट लेप. वास मारत होता.

"आई, हे काय लावलंयस?"

आईने देव्हाऱ्याखालून कुंकवाची जुनी डबी काढली. तिच्यात माझी नाळ. बारशाआधी गळून पडली तेव्हापासून वाळवून जपलेली. बाळगुटी उगाळतात तशी तिने ती रोज सहाणेवर दोन वेढे उगाळली होती.

माझं डोकंच फिरलं. "वेडी आहेस का गं तू? वाळक्या नाळेत काय उरलंय? नुसते जंतू! वाट लावलीस पायाची!" शेजारीण दारात येऊन उभी राहिली, इतकी मी ओरडले.

आई डबी पदराने पुसत म्हणाली, "तुझीच ना गो ती, परक्याची खंय?"

बोट गेलं. डॉक्टर म्हणाले, जखम आधीच हाडापर्यंत पोचली होती, लेपाने घाई केली. आईला मी त्यातलं अर्धंच सांगितलं. राग आता माझा मलाच येतो. अनोळखी बाईकडे नाळ मागायची तर मी अर्धा तास बसून समजावते, तिच्या सासूच्याही शंका फेडते. घरच्यांसाठी दोन मिनिटं नव्हती मला.

परवा पट्टी बांधताना बाबांनी विचारलं, "तुमचं ते औषध कधी येणार गं?"

"पाच-सहा वर्षं तरी. कदाचित येणारही नाही."

"बरं. तोवर नऊ सांभाळतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण आईला एकदा नीट सांग. तिला वाटतंय, तुझी नाळ जपण्यात तिचंच काहीतरी चुकलं, म्हणून गुण आला नाही."