एका मामाचे दोन मामा

माझ्या सख्ख्या मामाने माझ्या आईला फसवलं. कुरवंड्याची जमीन दोघा भावंडांची होती, ती त्याने एकट्याच्या नावावर करून घेतली. आता तो ती बंगलेवाल्यांना विकायला निघाला आहे. एकदा खरेदीखत झालं की आईचा हक्क कोर्टात शोधत बसावं लागेल, आणि आईचं वय ऐंशीच्या पुढे गेलं आहे.

मी मावळात जमिनींची दलाली करतो. दहावीच्या पुढे शिकलो नाही. सातबारे आणि फेरफार वाचत वाचत धंदा उभा केला, आणि आवाज चढवल्याशिवाय माझा एकही सौदा झालेला नाही. एकेका गटाला तीस-चाळीस वारस. कोणाची सही राहिली हे डोक्यात मावेना, तेव्हा हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीने लॅपटॉपवर पायथन या संगणकभाषेतली एक लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रॅमचा संच, बसवून दिली. माणूस किंवा जमीन म्हणजे एक बिंदू, नातं किंवा हक्क म्हणजे दोन बिंदूंमधली रेघ. मग नियम लिहायचे: बाप वारला, तर मुलगा आणि मुलगी दोघंही वारस. ती लायब्ररी त्या जाळ्यावर नियम चालवत जाते आणि कोणत्या पायरीला, कोणत्या नियमाने काय निघालं ते मांडून दाखवते. ओरडलं तरी उत्तर बदलत नाही. सुरुवातीला मला ते फार खटकायचं.

वडगावच्या तहसील कचेरीत चकरा मारून आजोळचे सगळे जुने उतारे आणले, सोमाटण्याला घरी बसून स्वतः एकेक नोंद भरली आणि प्रोग्रॅम चालवला. जे आलं ते वाचून लॅपटॉप दाणकन मिटला.

"तुझ्या मशीनला अक्कल नाही," मी मुलीला म्हणालो. "एका मामाचे दोन मामा केलेत त्याने."

तिने उघडून पाहिलं आणि हसायला लागली. "पप्पा, दोन तुम्हीच केलेत. एकदा नुसतं नाव टाकलंय, एकदा नावापुढे एकुमॅ. आडनाव आहे का ते?"

चूक माझीच होती. आम्ही दलाल लोक ए.कु.मॅ. नावाला चिकटूनच वाचतो. एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणजे जमीन सगळ्या घराची, हा फक्त सांभाळणारा. आजोबा गेल्यावर मामाचं नाव असंच लागलं होतं. नंतरच्या उताऱ्यात नाव तेच, पण ती अक्षरं गळालेली.

"मग जोडून टाक दोघांना," मी म्हणालो.

"एका माणसाचे दोन बिंदू जोडते. पण सांभाळणारा मालक कोणत्या नियमाने झाला?"

त्याला वाटणीचा कागद तरी हवा, नाहीतर बहिणीचं हक्कसोडपत्र. दोन्ही नियम मीच लिहिले होते. कितीतरी बहिणींच्या सह्या मी स्वतः घेतल्या आहेत, समोर बसवून, कागद वाचून दाखवून. गोड बोलूनही घेतल्या आहेत. पण घेतल्या आहेत.

तिने चूक दुरुस्त करून पुन्हा चालवलं. आई वारस: खरं, पायरी आणि नियमासकट. आईने हक्क सोडला: शून्य ते एक.

"हे काय?"

"माहीत नाही, असं म्हणतंय. शून्य म्हणजे नाही, एक म्हणजे हो. कागद नाही म्हणून हो पण नाही, आणि नाही पण नाही."

आई शेजारीच पावटा सोलत होती. मी विचारलं, "आई, मामाला कधी सही-अंगठा दिलास?"

"इचारलंच न्हाई त्यानं," ती म्हणाली. "इचारलं असतं तर दिलाबी असता."

दुसऱ्या दिवशी कुरवंड्याला गेलो. मामा ओटीवर बसला होता.

"मामा, आईचं हक्कसोडपत्र दाखवा."

"लय शाणा झाला रं भाच्या! तोंडी सोडला तिनं. उताऱ्यात तिचं नाव हाय का? न्हाई ना? मग न्हाई."

"नाही वेगळं आणि माहीत नाही वेगळं, मामा."

"ते तुझ्या डबड्याला शिकव. आमच्यात न्हाई म्हंजी न्हाई. च्या घेतू का?"

मी ओरडलो. सवयीने ओरडलो, पण आवाजात दम नव्हता. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनींसाठी ओरडलो, घरच्या जमिनीच्या वेळी घसा बसला. चहा न घेता उतरलो. वडगावला हरकत दाखल केली आहे. सुनावणीची वाट बघतो आहे आणि थकलो आहे.

पण मामा, तुम्ही म्हणता तिने तोंडी सोडला. कोणत्या घरात, कोणासमोर, काय शब्द बोलून? मला सांगू नका. सोमाटण्याला या, तुमच्या बहिणीसमोर बसा आणि तिला सांगा. मागितलं असतं तर जिने दिलं असतं, तिला तुम्ही विचारलंसुद्धा का नाही, याचं उत्तर मला तुमच्या तोंडून हवं आहे, आणि ते ती ऐकायला आहे तोवर हवं आहे.