दुसरा प्रोसेसर

अंबडच्या कारखान्यात मी प्रोग्रामर म्हणून लागले, तेव्हा आमच्या विभागप्रमुख सरांना एकाच गोष्टीचा ध्यास होता: मेनफ्रेमला, म्हणजे कारखान्याच्या मोठ्या कॉम्प्युटरला, दुसरा प्रोसेसर जोडायचा. निफाडकडच्या शेतकरी घरातून शिकून इंजिनिअर झालेला माणूस. सारखं वरच्यांच्या मागे लागून त्यांनी तो मंजूर करून घेतला. बसवला त्या दिवशी नारळ फुटला, पेढे वाटले. जनरल मॅनेजरांनी विचारलं, "म्हणजे आता काम दुप्पट वेगानं होणार?"

"जवळजवळ," सर म्हणाले.

झालं भलतंच. पगाराचं काम पूर्वीइतकंच रेंगाळायचं. खोदून पाहिलं तेव्हा कळलं, ऑपरेटिंग सिस्टिम मुळात एकाच प्रोसेसरसाठी लिहिलेली होती. दुसऱ्यासाठी तिला मागाहून ठिगळ लावलं होतं. तिच्या गाभ्याला एकच लॉक. डिस्क वाचायची असो की मेमरी मागायची, एक प्रोसेसर आत असेपर्यंत दुसरा बाहेर ताटकळत राहायचा.

"त्या एका लॉकची वेगवेगळी लॉकं करू," सर म्हणाले. "डिस्कचं निराळं, मेमरीचं निराळं."

सिस्टिमचा मूळ प्रोग्राम आमच्याकडे होता. आम्ही दोघं कित्येक महिने त्यात बुडालो. वेग वाढलाही. सरांनी कॅन्टीनमधून सगळ्यांसाठी भजी मागवली. त्यांना तसं हसताना मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

पुढच्याच पगाराला मशीन थिजलं. एका प्रोसेसरनं डिस्कचं लॉक धरलेलं, त्याला मेमरीचं हवं होतं. दुसऱ्यानं मेमरीचं धरलेलं, त्याला डिस्कचं. दोघंही सोडेनात. पडद्यावर काहीच हलत नव्हतं. खाली पगाराच्या खिडकीशी कामगार ओरडायला लागले होते.

"क्रम चुकला," सर पुटपुटले. "लॉकं नेहमी एकाच क्रमानं घ्यायला हवीत. दुरुस्त होईल हे."

जनरल मॅनेजर दारातच उभे होते. "दुसरा प्रोसेसर बंद करा," ते म्हणाले. "आणि तुम्ही उद्यापासून स्टोअर्स बघा."

स्टोअर्समध्ये मी जेवणाच्या सुट्टीत जायचे. सुरुवातीला सर त्या क्रमाबद्दलच बोलायचे, मग हवापाण्याबद्दल, मग काहीच नाही. एक दिवस नोकरी सोडून ते गावी निघून गेले. मी राहिले. तो बंद प्रोसेसर रोज समोर दिसायचा.

काही वर्षांनी ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती आली. लॉकं वेगळी, ठरल्या क्रमानंच घेतलेली. दोन्ही प्रोसेसर चालू केले आणि ते चालले. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी एसटीनं सरांच्या गावी गेले.

ते ओट्यावर बसले होते, फार वाळलेले. त्यांच्या पत्नीनं चहा आणला. मी सगळं सांगितलं.

"आपलंच वापरलंय का त्यांनी?"

"नाही सर. त्यांचं त्यांनी केलंय. पण हुबेहूब तसंच."

त्यांनी कप खाली ठेवला.

"मग मला कशाला सांगायला आलीस?"

ते उठले, चपला पायात सरकवल्या आणि द्राक्षाच्या बागेत निघून गेले. परतीच्या गाडीची वेळ होईपर्यंत मी ओट्यावर बसून होते. ते आले नाहीत. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "आता नका येऊ हो पुन्हा."